तिकिटाच्या खिडकीवर

मनमाड जंक्शनवरून दौंडकडे निघालेली गाडी अंकाईच्या डोंगराजवळ येते, तोवर विधानसभेचा नांदगाव मतदारसंघ मागे पडून येवल्याचा सुरू झालेला असतो. हद्दीच्या अलीकडे-पलीकडे पाऊस सारखाच तोकडा आणि शिवारात कांदा-मका तेच. वस्तीतही मराठा, माळी, वंजारी, धनगर, बौद्ध, मुस्लिम, आदिवासी अशी तीच सरमिसळ. २० नोव्हेंबर २०२४ रोजी या दोन शेजारी मतदारसंघांत एकाच घरातले दोन उमेदवार उभे होते. येवल्यात छगन भुजबळ राष्ट्रवादीच्या (अजित पवार गट) उमेदवारीवर, तर नांदगावात त्यांचे पुतणे समीर भुजबळ अपक्ष. तीन दिवसांनी निकाल लागला. काका २६,४०० मतांनी निवडून आले आणि पुतण्याचा शिवसेनेच्या सुहास कांदे यांनी जवळपास नव्वद हजारांनी पराभव केला. जात तीच, आडनाव तेच, मतदानाचा दिवसही तोच. जात बघून मत पडतं असं आपण बसस्टँडपासून विधिमंडळापर्यंत सगळीकडे ऐकतो. मग या दोन निकालांचं काय करायचं?

निकालानंतर सांगितलेली कारणं सर्वांना पाठ आहेत. येवल्यात ओबीसी एकवटले म्हणून काका आले, आणि नांदगावात भुजबळ बाहेरचे ठरले म्हणून पुतण्या पडला. उलटं घडलं असतं तर येवल्यात मराठा मतं एकवटली आणि नांदगावात माळी-वंजारी-धनगरांनी साथ दिली, असं तितक्याच ठामपणे ऐकवलं गेलं असतं. जे कारण प्रत्येक निकालाला लागू पडतं त्यातून कुठल्याच निकालाचा उलगडा होत नाही. निवडणुकीत जातीचं काही चालत नाही असं मात्र मला म्हणायचं नाही. जात कुठे काम करते, याचा पत्ता आपण चुकीचा लिहितो आहोत, असं मला म्हणायचं आहे. मतदान केंद्रावर बोट बटणाकडे जातं त्या क्षणापेक्षा कितीतरी आधी, पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म कुणाच्या हाती द्यायचा हे ठरवणाऱ्या बंद खोलीत, उमेदवाराच्या जातीचा खरा निवाडा होतो. जंक्शनच्या गावाला हे सांगायला सोपं आहे: डब्यात कोण बसला यावरून आपण प्रवाशांची आवड ठरवतो, पण खिडकीवर तिकीट कुणाला नाकारलं गेलं याची नोंद कुणी ठेवत नाही.

नांदगावचीच गेल्या दीड दशकाची वही उघडावी. २००९ मध्ये पंकज भुजबळ निवडून आले, २०१४ मध्ये पुन्हा आले, २०१९ मध्ये सुहास कांदे यांच्याकडून हरले आणि २०२४ मध्ये त्यांचे चुलतभाऊ समीर त्याहून कितीतरी मोठ्या फरकाने हरले. या काळात मतदारसंघाच्या सीमा त्याच होत्या. कुठल्या जातीची किती घरं, हे प्रमाणही असं काही उलटंपालटं झालं नाही. जी गोष्ट जागची हलली नाही तिला बदललेल्या निकालाचं कारण ठरवता येत नाही. मग काय बदललं होतं? २०१४ मध्ये युती तुटून शिवसेना आणि भाजप समोरासमोर लढले होते. २०१९ मध्ये ते एकत्र होते. एवढ्या एका गोष्टीने बरंच गणित सुटतं. शिवाय पाणी आहे. मनमाडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ८० हजार होती. वागदर्डी धरण आटलं आणि पालखेडच्या आवर्तनाचं पाणी वेळेवर पाटोद्याच्या साठवण तलावात पोचलं नाही, की या गावाला नळाच्या पाण्यासाठी पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवस थांबावं लागतं. त्यामुळे दिंडोरी तालुक्यातल्या करंजवण धरणातून थेट पाणी आणणारी सुमारे तीनशे कोटींची योजना इथल्या प्रचारात सगळ्यात वजनदार मुद्दा ठरते, ती कुणाच्या काळात मार्गी लागली यावर भांडणं होतात. हंड्यांच्या रांगेत सगळ्या जाती उभ्या असतात, हे उमेदवारांना ठाऊक असतं. जातीच्या आकडेमोडीत रमणाऱ्या विश्लेषकांना ते कमी ठाऊक असतं, इतकंच.

इथे हरकत घेतली जाईल आणि ती हलकी नाही. जातीची घरं तेवढीच राहिली तरी जातीची जाणीव तेवढीच राहत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत लाठीमार झाला, मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, मनोज जरांगे हे नाव घरोघरी पोचलं आणि मराठ्यांना ओबीसींमधून आरक्षण देण्याच्या त्यांच्या मागणीला सर्वांत उघड विरोध छगन भुजबळांनी केला. त्याचा परिणाम येवल्यात झाला नाही म्हणणं खोटेपणा ठरेल. २०१९ मध्ये भुजबळांचं मताधिक्य ५६ हजारांवर होतं. २०२४ मध्ये मराठा समाजातले माणिकराव शिंदे समोर असताना ते निम्म्याहून खाली आलं. यातून दिसतं ते असं की पेटलेल्या वातावरणात उमेदवाराच्या जातीमुळे मतं सरकतात, हजारोंनी सरकतात, आणि अटीतटीच्या लढतीत तेवढी मतं निकाल फिरवायला पुरतात. पण आंदोलनाच्या केंद्रस्थानी असलेला, त्याचा खलनायक ठरवला गेलेला माणूस मोठ्या मराठा मतदारवर्गाच्या तालुक्यातून निवडून आला, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं आहे. दोन दशकं आमदार असल्याने झालेली कामं, पक्षाची यंत्रणा, महायुतीची एकत्र मतं आणि सरकारी योजनांचा पैसा हे सगळं मिळून जातीच्या धक्क्यापेक्षा भारी पडलं.

दुसरी हरकत अधिक खोल आहे, आणि तिचा उगम मनमाडमध्येच सापडतो. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद इथे भरली होती. अध्यक्षपदावरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती सर्व जातींत भिनलेली आहे, असा खुलासाही त्यांनी तिथेच केला. त्यांनी मांडलेले दाखले रेल्वेतलेच होते. अस्पृश्य माणूस रुळांवर गँगमन म्हणून राबतो. त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो. कारखान्यात तो खलाशी म्हणून लागतो आणि खलाशी म्हणूनच निवृत्त होतो. वर्ग एक असला तरी कामगार एक नाहीत, कारण वरच्या पायरीवर कुणाला चढू द्यायचं हे जात ठरवते, हा त्यांचा मुद्दा होता. हाच न्याय निवडणुकीला लावला तर जातीबाहेर मत द्या हा उपदेश पोकळ वाटायला लागतो. तहसील कचेरीत, ठाण्यात, सोसायटीच्या कर्जयादीत ज्याला कायम शेवटी उभं केलं गेलं, त्याने आपल्यातला माणूस निवडून आला तर आपलं काम होईल असा विचार केला, तर त्याला पूर्वग्रह म्हणता येत नाही. अनुभवातून आलेला तो हिशेब आहे. हा आक्षेप मला मान्य आहे आणि तो माझ्या म्हणण्याच्या आड येत नाही. उमेदवाराची जात मतदार पाहतो ती बऱ्याचदा हमी म्हणून पाहतो. दुसरी हमी, म्हणजे पक्षाचं बळ, चळवळीवरचा विश्वास किंवा डोळ्यांना दिसणारं काम, मिळाली की तो पहिली सोडायला तयार असतो. याचे पुरावे याच जिल्ह्यात आहेत.

१९५७ च्या लोकसभा निवडणुकीत नाशिकच्या खुल्या जागेवरून दादासाहेब गायकवाड निवडून आले. काळाराम मंदिर सत्याग्रहाचे धुरीण, महार समाजात जन्मलेले, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे उमेदवार. राखीव जागेचा आधार नसताना सवर्ण मतदारांनी त्यांना दिल्लीला पाठवलं, आणि तेही मंदिर प्रवेशाला कडवा विरोध झालेल्या शहराच्या मतदारसंघातून. त्या वर्षी फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत होती आणि मुंबईसह महाराष्ट्र हा प्रश्न इतका तापला होता की समितीच्या शिक्क्यापुढे उमेदवाराची जात मागे पडली. शेजारच्या कोपरगावातून त्याच लाटेत बी. सी. कांबळे निवडून आले. हा अपवाद म्हणावा तर १९९८ ची निवडणूक आहे. रिपब्लिकन पक्षाचे चार नेते, अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले, काँग्रेसशी समझोता करून खुल्या जागांवर लढले आणि चौघेही जिंकले. महाराष्ट्राबाहेरचं ताजं उदाहरण फैजाबादचं: अयोध्या ज्या मतदारसंघात येते तिथल्या खुल्या जागेवर समाजवादी पक्षाने २०२४ मध्ये पासी समाजातले अवधेश प्रसाद उभे केले आणि ते भाजपच्या विद्यमान खासदाराला हरवून आले. सामर्थ्यवान पक्ष किंवा आघाडी पाठीशी उभी राहिली की मतदार जात ओलांडतो, हे या सगळ्यांत समान आहे. अशी उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी का, याचं उत्तर मतदारांकडे मागण्याआधी, असा एबी फॉर्म किती वेळा दिला गेला ते विचारायला हवं.

उमेदवाराची जात जिथे कायद्यानेच ठरलेली आहे अशी जागा म्हणजे मनमाडकरांचा लोकसभा मतदारसंघ, दिंडोरी. २००८ च्या पुनर्रचनेत तयार झालेल्या या मतदारसंघात नांदगाव, चांदवड, येवला, निफाड, कळवण आणि दिंडोरी असे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. शेवटचे दोन अनुसूचित जमातींसाठी राखीव, बाकीचे चार खुले. लोकसभेची जागा मात्र राखीव, म्हणजे मराठा, माळी, बौद्ध, मुस्लिम मतदारांना आपल्या जातीचा उमेदवार असण्याची शक्यताच नाही. अशा ठिकाणी मत कशावर पडतं? भारती पवार यांची कारकीर्द पुरेशी बोलकी आहे. २०१४ मध्ये त्या राष्ट्रवादीकडून उभ्या राहिल्या आणि भाजपच्या हरिश्चंद्र चव्हाणांकडून हरल्या. २०१९ मध्ये भाजपकडून उभ्या राहिल्या आणि जिंकल्या, पुढे केंद्रात राज्यमंत्रीही झाल्या. २०२४ मध्ये त्याच भाजपकडून हरल्या. उमेदवार एकच, जमात एकच, तीन निवडणुकांत निकाल मात्र बदलत गेला. शेवटच्या वेळी निर्णायक ठरला तो कांदा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी लादली, लासलगावच्या बाजारात भाव कोसळले, आणि ४ मे २०२४ रोजी किमान निर्यात मूल्य व निर्यात शुल्काच्या अटींसह बंदी उठवली तेव्हा मतदानाला दोन आठवडे उरले होते. शेतकऱ्याला ते पुरलं नाही. राष्ट्रवादीचे (शरद पवार गट) भास्कर भगरे एक लाख तेरा हजारांवर मतांनी निवडून आले. यात एक गंमतही घडली. ‘तुतारी’ हे चिन्ह मिळालेले बाबू भगरे नावाचे अपक्ष लाखाहून अधिक मतं घेऊन गेले, कारण भास्कर भगरेंच्या पक्षाचा ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि नुसती तुतारी यांत अनेकांची गल्लत झाली. ज्यांनी ते बटण दाबलं त्यांच्या डोळ्यांपुढे उमेदवाराची जमात नव्हती. पक्षाचं चिन्ह आणि ऐकलेलं आडनाव होतं. राखीव जागेतही कोकणा की महादेव कोळी अशी मोजदाद होतेच, हे खरं. पण ती मोजदाद पुन्हा उमेदवारी देतानाच सर्वाधिक होते.

मनमाडहून पस्तीस-चाळीस किलोमीटरवरचं मालेगाव या चर्चेत एक गुंता सोडवायला मदत करतं. मतदाराची जात किंवा धर्म आणि उमेदवाराची जात किंवा धर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या बोलण्यात त्या सतत एकमेकींत मिसळतात. २०२४ च्या लोकसभेला धुळे मतदारसंघात काँग्रेसच्या शोभा बच्छाव आणि भाजपचे सुभाष भामरे समोरासमोर होते. दोघेही हिंदू. त्यातल्या मालेगाव मध्य या मुस्लिमबहुल विधानसभा क्षेत्राने बच्छाव यांना एक लाख नव्वद हजारांहून अधिक मताधिक्य दिलं आणि त्या अवघ्या ३,८३१ मतांनी निवडून आल्या. हे गठ्ठा मतदान होतं, त्यात मतदारांची सामाजिक ओळख उघड दिसते. मात्र उमेदवाराच्या धर्माचा इथे कसलाही संबंध नव्हता. कोणत्या पक्षाच्या राज्यात आपल्याला सुरक्षित वाटेल हा प्रश्न होता. सहा महिन्यांनी त्याच मालेगाव मध्यमध्ये विधानसभेची लढत झाली तेव्हा मुख्य उमेदवार मुस्लिमच होते, आणि एमआयएमचे मुफ्ती इस्माईल केवळ १६२ मतांनी जिंकले. उन्हाळ्यात एकमुखी वाटलेला गठ्ठा हिवाळ्याच्या तोंडावर जवळजवळ बरोबर मधोमध फुटला. समाज एकगठ्ठा असतो हे विधान करणाऱ्याने कुठल्या प्रश्नावर, हे आधी सांगायला हवं.

परदेशात हाच प्रश्न वंशाच्या भाषेत विचारला जातो, आणि तिथलं एक प्रकरण मराठी वाचकाच्या परिचयाचं आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधल्या डेट्रॉईटच्या मतदारसंघातून अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेले. तिथे कृष्णवर्णीय मतदारांचा गट सर्वांत मोठा. ठाणेदारांच्या विजयामुळे १९५५ पासून प्रथमच त्या शहराला वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत ते तीस टक्क्यांहून कमी मतांवर पुढे आले, कारण अनेक कृष्णवर्णीय उमेदवारांत मतं विभागली गेली. प्रतिनिधित्व गमावल्याची तिथल्या नेत्यांची तक्रार खरी होती. तरी २०२४ च्या प्राथमिक फेरीत त्यांना निम्म्याहून अधिक मतं मिळाली, आणि ती मतविभागणीने समजावता येत नाहीत. ठाणेदारांनी स्वतःचा अमाप पैसा प्रचारात ओतला, हेही विसरू नये. मला यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. तिथे पक्षाचा उमेदवार कोण हे मतदार ठरवतात. वंशाचा प्रश्न चव्हाट्यावर, मतपेटीसमोर लढला जातो. आपल्याकडे तो टप्पा मुंबईतल्या एखाद्या बंगल्यावर रात्रीतून उरकतो आणि मतदारापुढे येतो तो गाळून उरलेला पर्याय.

पक्ष तरी काय करणार, ते मतदाराचं मन ओळखूनच तिकीट देतात ना, हा सर्वांत नेहमीचा बचाव. पक्षांना मतदाराचं मन तितकं नेमकं कळतं का, याबद्दल मात्र शंका घ्यायला जागा आहे. उत्तर प्रदेशात २००७ च्या विधानसभा निवडणुकीआधी अभिजित बॅनर्जी, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. काही गावांत कळसूत्री बाहुल्यांचे खेळ आणि पत्रकं यांच्या साहाय्याने जातीऐवजी विकासावर मत द्या, एवढाच पक्षनिरपेक्ष प्रचार झाला. त्या गावांत आपल्या जातीच्या पक्षाला मत देणाऱ्यांचं प्रमाण ५७ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर आलं. फरक पाच टक्केबिंदूंचा, पण तो घडवायला बाहुल्यांचे खेळ आणि पत्रकं पुरली. दुसरा पुरावा मुंबईचा. राज्यशास्त्रज्ञ रिखिल भावनानी यांनी महापालिकेचे असे प्रभाग तपासले जे १९९७ मध्ये महिलांसाठी राखीव होते आणि २००२ मध्ये खुले झाले. आरक्षण उठल्यावरही तिथे महिला निवडून येण्याची शक्यता, आधी राखीव नसलेल्या प्रभागांच्या सुमारे पाच पट होती. बाई जिंकू शकते हे पक्षांना सक्तीने कळलं, तोवर ते मतदारांच्या नावाने तिकीट नाकारत होते.

कायदाही चुकीच्या दाराशी पहारा देतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. मुंबईच्या सांताक्रूझमधल्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेल्या अभिराम सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, ही बंदी मतदाराच्या जातधर्मालाही लागू केली. जातीमुळे झालेल्या अन्यायाबद्दल बोलणं म्हणजे जातीवर मत मागणं नव्हे, ही अल्पमतातल्या न्यायाधीशांची भूमिका मला अधिक पटते. बहुमताचा अर्थ ताणला तर १९३८ चं मनमाडचं भाषण प्रचारसभेत करता येणार नाही. आणि सभेतल्या वाक्यावर नजर ठेवणारा हा कायदा, अमुक मतदारसंघात तमुक जातीचाच माणूस चालेल असं म्हणून उमेदवाराचं नाव खोडणाऱ्या निवड समितीला मात्र हातही लावत नाही.

त्या समित्यांनी संधी मिळाल्यावर काय केलं हे धुळ्याने दाखवलं आहे. २००८ पर्यंत धुळे लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव होता. रेशमा भोये, बापू चौरे, रामदास गावित असे आदिवासी खासदार तिथून दिल्लीत गेले, आणि त्यांना मत देणाऱ्यांत आदिवासी नसलेले मतदारही मोठ्या संख्येने होते. पुनर्रचनेत जागा खुली झाली. साक्रीचा आदिवासी पट्टा नंदुरबारला जोडला गेला हे खरं, पण बागलाण हा राखीव विधानसभा मतदारसंघ धुळ्यातच आहे. त्यानंतरच्या चार निवडणुकांत, २००९ ते २०२४, प्रमुख लढतीतले उमेदवार होते प्रताप सोनवणे, अमरिशभाई पटेल, सुभाष भामरे, कुणाल पाटील आणि शोभा बच्छाव. यांत आदिवासी एकही नाही. आदिवासी उमेदवाराला नाकारण्याची वेळ धुळ्याच्या मतदारांवर आलीच नाही. ती आधीच कुणीतरी निभावली. आता २०२७ च्या जनगणनेनंतर पुन्हा पुनर्रचना व्हायची आहे. दिंडोरीची जागा राखीव राहते की खुली होते हे तेव्हा ठरेल. खुली झाली, तर कांद्याच्या आणि पाण्याच्या प्रश्नावर पंधरा वर्षं आदिवासी खासदार निवडणाऱ्या नांदगाव, येवला, निफाड आणि चांदवडच्या मतदारांपुढे एखादा पक्ष आदिवासी नाव ठेवतो का, हे पहिल्या उमेदवारी यादीतच कळेल.